रेवताबाईचे चार कांदे

रेवताबाईकडे कोणी बाई दवाई प्यायला आली, की पहिला घोट रेवताबाई स्वतः घेई. काढा जिभेवर क्षणभर धरी, डोळे मिटून गिळी, पदराने ओठ पुसी आणि मग वाटी पुढे करी. "घे. मी पेली, आता तू पे." हा तिच्या सासूने घालून दिलेला नेम. चाळीस वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. पांढरं जाणं, अंगावरचं लाल न थांबणं, बाळंतपणानंतर कंबर न उठणं, असल्या बायकी दुखण्यांसाठी आजूबाजूच्या दहा गावांतल्या बाया तिच्या दारात येत. येताना पदरात पसाभर तांदूळ आणत, नाहीतर एखादं अंडं. एकवीस दिवसांची दवाई. रोज सकाळी, उपाशीपोटी.

दुसराही एक नेम होता आणि तो पहिल्यापेक्षा कडक होता. दवाईत तीन मुळ्या पडत. शतावर आणि मुसळी या दोघींची नावं सारं गाव घेई. तिसरीचं नाव घ्यायचं नाही. घेतलं की तिच्यातला गुण उतरतो. सासूने तिला ते सांगितलं तेही वैनगंगेच्या मधोमध, डोंग्यात बसवून, दोन्ही काठांवर कोणी नाही हे बघून. कानात, एकदाच. त्यानंतर ते नाव रेवताबाईच्या तोंडातून कधी बाहेर पडलं नाही. नवऱ्याला कळलं नाही, मुलाला कळलं नाही. रानात गेल्यावर वेल हाताने ओळखायची, मान खाली घालून मुळी खणायची आणि न बोलता घरी यायचं.

मग गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं. जुनं गाव गेलं, गावामागचं झुडपी रान गेलं, त्या रानातली वेलही गेली. ढिवरांची घरं आणि बौद्धांची घरं, सगळी मिळून नव्या गावठाणात आली. सरळ रस्ते, नंबर टाकलेले प्लॉट, मुरमाड जमीन. रेवताबाईचा मुलगा मिथुन धरणाच्या पाण्यात जाळी टाकू लागला. मासोळी मिळे. मुळी मात्र मिळेना. जुन्या वाळवलेल्या मुळ्यांवर तिने काही वर्षं काढली आणि एके दिवशी डबा हलवला तर आत एक बोटभर तुकडा तेवढा खडखडला.

तो तुकडा पळसाच्या पानात गुंडाळून ती पवनीच्या बाजारात गेली. तिथे भैयाजी नावाचा जडीबुटीवाला जुन्या चादरीवर मुळ्या, साली, बिया मांडून बसे. रेवताबाईने पान त्याच्यासमोर उघडलं आणि बोट ठेवलं. नाव घेतलं नाही. भैयाजीनेही विचारलं नाही. तुकडा उलटासुलटा केला, नाकाशी नेला, मागच्या पोत्यात हात घातला आणि तसल्याच दिसणाऱ्या मुळ्यांची मूठ कागदात बांधून दिली. त्याला आता चार वर्षं झाली होती. दवाई चालू राहिली. बाया येत राहिल्या.

यंदा संक्रांतीला मनाली आली. विहाराजवळच्या घरातली, अंगणवाडीतल्या सुलोचनाबाईंची मुलगी. नागपूरला एम.एस्सी. करत होती.

"आजी, तुमची दवाई देता का थोडी?"

"काहून वो? तुले तं आता बरं हाये ना?"

"मले नाई पायजे. कांद्याले पाजायची हाये."

रेवताबाई हसता हसता भिंतीला टेकली. "कांद्याले? त्याले कायचा रोग झाला वो माय? त्याच्या बी कंबरेत चमक निघाली का?"

आतून तिची सून डिंपल फिदीफिदी हसली. मनालीही हसली, पण मग खाली बसून तिने नीट सांगितलं. कांद्याचं बूड पाण्यात ठेवलं की मुळ्या फुटतात. त्या लई भराभर वाढतात. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार. पेशी फाटताना तिच्या पोटातले बारीक धागे अर्धे-अर्धे वाटले जातात. आईबापाकडून जे काही लेकराकडे येतं ते सारं त्या धाग्यांत असतं. दवाईने धागे तुटले तर ते दुर्बिणीत दिसतं. कांद्यात दिसतं ते माणसात होईलच असं नाही, पण पहिली चाळण म्हणून कांदा बरा.

"आमच्या मॅडम म्हनतेत, गावातल्या दवाया लोक आंधळेपनानं पेतेत. मी म्हनलं, आमच्या आजीची आनतो, तपासा. मी सोता पेली ना बारावीत. काई होत नाई, हे मले कागदावर दाखवायचं हाये."

"दाखव ना मंग. मी का भेतो कोनाले?" रेवताबाईने पुडी बांधून दिली.

"यात कोन्त्या मुळ्या हायेत, आजी?"

"शतावर, मुसळी." आणि तिसरीच्या वेळी रेवताबाईने ओठांवर बोट ठेवलं. मनाली गावातलीच होती. तिने पुढे विचारलं नाही.

शिमग्याला दहाबारा दिवस होते तेव्हा मनाली परत आली. हसली नाही. डिंपल हापशीवर भांडी घासत होती. तिचं पाचव्या महिन्याचं पोट आता लुगड्याआडून दिसू लागलं होतं. मनालीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि रेवताबाईला घरात नेलं.

"आजी, मुळ्या करपल्या."

"कोनाच्या?"

"कांद्याच्या. नुसत्या पान्यातल्या पांढऱ्या, सुतासारख्या. आपल्या दवाईतल्या दोन दिवसांत भुऱ्या झाल्या, हात लावला तं लिबलिबीत. मंग दुर्बिणीत पाह्यलं. धागे तुटलेले. तुकडे तुकडे. तीनदा केलं मी, आजी. मले वाटलं माह्याच हातून चूक झाली."

"मंग?"

"मॅडम म्हनतेत, अजून लई तपासन्या बाकी हायेत. कांदा काई मानूस नव्हं. पन तोवर कोनाले देऊ नका. अन् पोटुशीले तं..." मनाली थांबली. "डिंपल वहिनीनं नाई ना पेली?"

"नाई," रेवताबाई म्हणाली.

उत्तर इतकं पटकन निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. मनाली गेली. रेवताबाई चुलीपुढे बसली तर तिला चूल पेटवायची की विझवायची हेच आठवेना.

डिंपलने दवाई प्यायली होती. दिवाळीनंतर, पूर्ण एकवीस दिवस. पांढरं जाणं थांबत नव्हतं म्हणून रेवताबाईनेच बसवलं होतं. विसाव्या दिवशी पोरीला उलटी झाली. रेवताबाई म्हणाली, उष्णता निघून राहिली, पे. एकविसाव्या दिवशीही पाजली. मग महिन्याने कळलं की ती उष्णता नव्हती. दिवस गेले होते. किती आनंद झाला होता तेव्हा. दवाईचा गुण म्हणून तिने गल्लीत साखर वाटली होती.

आता ती साखर तिच्या घशाशी आली.

त्या दिवसापासून रेवताबाईची नजर सुनेच्या पोटावरून हलेना. डिंपल वाकली की ही हातातलं काम सोडून बघे. डिंपल झोपली की ही बाजूला बसून पोटाकडे बघत राही. आत काय तुटलं असेल? बोटं? पाठीचा मणका? डोळे? मनालीने दुर्बिणीतला फोटो मोबाइलवर दाखवला होता. जांभळ्या रंगाचे धागे, त्यातले काही इकडे, काही तिकडे, एक मधेच लोंबत राहिलेला. पीठ मळताना तिला तो दिसे. जाळं बघितलं की दिसे. मिथुन फाटलं जाळं विणत बसला की तिला उठून बाहेर जावं लागे.

"काय झालं मामीजी? मले असं काहून पाहून राहिल्या?" डिंपलने एकदा सासूला विचारलंच. "माह्या तोंडावर काई लागलं का?"

"काई नाई. गोड दिसून राहिली."

"कधी नाई ते!" डिंपल हसली.

आणि भीती एका पोटावर थांबेना. मागच्या साली गोदावरीबाईच्या नातवाचा ओठ जन्मतः चिरलेला निघाला. ग्रहणात आईने विळ्याने वांगी चिरली, असं गाव म्हणालं. रेवताबाईही तेच म्हणाली होती. आता तिने बोटं मोजली. गोदावरीबाईच्या सुनेने दवाई घेतली होती का? घेतली होती. कधी? लगीन झाल्यावर. त्यानंतर किती महिन्यांनी... तिथे तिची बोटं अडखळायची. ग्रहण असेल. ग्रहणच असेल. पण चार वर्षांत आणखी कोण कोण येऊन गेलं? तोंडं आठवत होती. पोटं आठवत नव्हती.

एकच गोष्ट तिला उमगेना. चाळीस वर्षं झाली. सासूची धरली तर साठ-सत्तर. एवढ्या बाया, एवढी लेकरं. दवाई वाईट असती तर ती स्वतः, मिथुन, अर्धं गावच वाकडं निघालं असतं. मग आताच काय झालं?

तिसऱ्या दिवशी ती मनालीच्या घरी गेली. "कांद्याले पाजतेत कसं? मले सांग."

"तुमी करता?"

"दुर्बीन नाई माह्याजवळ. डोये हायेत."

मनालीने सांगितलं. बुडाचं जुनं खोड खरवडायचं, कांदा गिलासाच्या तोंडावर टेकवायचा, फक्त बूड पाण्याला लागेल असा. मुळ्या फुटल्या की पाणी ओतून काढा घालायचा, पण एक कांदा साध्याच पाण्यात ठेवायचा. "तो कायले?" रेवताबाईने विचारलं. "तो खरं बोलतो," मनाली म्हणाली. "त्याच्याकडे पाहून बाकीच्याइचं खोटं कळते."

रेवताबाईने चार गिलास घेतले आणि फळीवर, जाळ्यांच्या मागे, ओळीने मांडले. तीन दिवसांत चारही कांद्यांना पांढऱ्या मिशा फुटल्या. मिथुनच्या ते नजरेस पडलंच.

"आई, हे काय? कांद्याचं लगन लावून राहिली का?"

"तुह्या कामाचं नाई. हात लावशील तं मोडीन."

चौथ्या दिवशी सकाळी तिने काढे घातले. पहिला गिलास साध्या पाण्याचाच ठेवला. दुसऱ्यात शतावर आणि मुसळी. तिसऱ्यात भैयाजीची मुळी, एकटी. चौथ्यासाठी तिने तंबाखूच्या जुन्या डबीचं झाकण उघडलं. आत पळसाच्या पानात तो बोटभर तुकडा होता. पाण्याखाली गेलेल्या रानातला शेवटचा. याच्यावरून नवी मुळी ओळखायची, म्हणून तिने तो जपला होता. तो तिने खलात घातला. पहिला घाव घालताना तिला सासूचं तोंड आठवलं. पण तिने कुटला, उकळला, गाळला आणि चौथा गिलास भरला. कोणाला काही विचारावं लागलं नाही, कोणाचं नाव घ्यावं लागलं नाही. कांद्याला नाव लागत नव्हतं.

पुढचे तीन दिवस ती फळीसमोरून हलली नाही म्हटलं तरी चालेल. पहिला गिलास वाढला. दुसरा वाढला. चौथ्यातल्या मुळ्या थोड्या आखूड राहिल्या, पण पांढऱ्या राहिल्या, बोटाला ताठ लागत होत्या. आणि तिसरा. तिसऱ्यात पहिल्या दिवशी मुळ्यांची टोकं पिवळी पडली. दुसऱ्या दिवशी तपकिरी. तिसऱ्या दिवशी तिने कांदा उचलला, तर मुळ्या गिलासातच गळून राहिल्या.

ती खाली बसली.

दवाई तीच नव्हती. चार वर्षं ती दुसरंच काही पाजत होती. रोज पहिला घोट स्वतः घेऊन, डोळे मिटून, जिभेवर धरून. आणि जिभेला कळलंही नव्हतं. थोडी कडू जास्त लागते, असं एकदा वाटलं होतं खरं. जमीन बदलली म्हणून असेल, असं म्हणून तिने गिळलं होतं. भैयाजीला तिने एकदा, फक्त एकदा, ते नाव सांगितलं असतं तर? तो म्हणाला असता, हाये, नाहीतर नाई. एवढीच गोष्ट होती. गुण उतरू नये म्हणून तिने तोंड बंद ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी डिंपलला भंडाऱ्याला न्यायचं होतं. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी. मिथुन जाणार होता. रेवताबाईने न विचारताच लुगडं बदललं आणि बसमध्ये जाऊन बसली. पदराच्या गाठीत भैयाजीच्या मुळीचा तुकडा होता.

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरीण तरुण होती, झपाझप लिहीत होती. बीपी, साखर, आधीचं काही दुखणं. मग मान वर न करता तिने विचारलं, "सुरुवातीच्या महिन्यांत काही औषध घेतलं होतं का? गावठी, झाडपाला, काहीही?"

डिंपलने सासूकडे बघितलं. गावची रीत तिलाही ठाऊक होती. दवाईचं बाहेर बोलायचं नसतं.

"नाई," डिंपल म्हणाली.

डॉक्टरणीचा पेन कागदावर टेकला. रेवताबाईच्या डोळ्यांसमोर तिसरा गिलास आला. त्या पेनाने एकदा 'नाही' लिहिलं की मग कोणी विचारणार नव्हतं.

"पेली हाये," ती म्हणाली.

सगळे वळले.

"एकवीस दिवस. मी पाजली. तवा तिच्या पोटात होतं, मले मालूम नव्हतं."

"आई!" मिथुन पुढे आला. "काय बोलून राहिली तू?"

"चूप बस." रेवताबाईचा आवाज फाटला. "बाई, तुमी लिवा. शतावर, मुसळी अन्..."

इथे तिची जीभ टाळूला चिकटली. चाळीस वर्षांत ज्या नावाला जिभेने वाट दिली नव्हती ते बाहेर येईना.

"अन् काय, आजी?"

"पहाडवेल," रेवताबाई म्हणाली.

काही झालं नाही. पंखा फिरत राहिला. बाजूच्या बाकावर एक पोर रडत होतं ते रडतच राहिलं.

"पन ते नव्हती ते. त्या जागी हे होतं." तिने गाठ सोडून तुकडा टेबलावर ठेवला. "हे काय हाये मले नाई मालूम. कांद्याच्या मुळ्या जाळते हे. आमच्या गावची पोरगी नागपूरले तपासून राहिली, तिचा नंबर देतो."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवला. पहिल्यांदाच तिने रेवताबाईकडे नीट बघितलं. मग तिने सगळं लिहिलं, नंबरही लिहिला आणि तुकडा पिशवीत घालून ठेवला. सोनोग्राफीला वेळ लागला. पडद्याबाहेर रेवताबाई उभी होती. बसायला जागा होती, तरी उभीच. आतून यंत्राचा आवाज येत होता, धडधड धडधड, पळणाऱ्या बकरीच्या खुरांसारखा.

"ठोके चांगले आहेत," डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली. "हात, पाय, पाठ, जेवढं दिसतं तेवढं ठीक दिसतंय. पण सगळंच यात दिसत नाही, आजी. असल्या काही मुळ्या किडनीला बाधतात, ते बघायला मला रक्त तपासायचंय, सुनेचं. आणि तुमचंही. महिन्याने परत या. सांगितलंत ते बरं केलंत."

'सगळंच यात दिसत नाही' एवढंच रेवताबाईच्या कानात राहिलं.

बसची वाट बघताना मिथुन पाठ करून उभा होता. डिंपलने बऱ्याच वेळाने विचारलं, "मामीजी, तुमी बी पेली होती ना?"

"हाव."

"रोज?"

"रोज. तुह्या आधी."

डिंपल रागावली की घाबरली ते कळेना. पण पवनी येईपर्यंत तिने पोटावरचा हात काढला नाही आणि सासूच्या खांद्याला लागलेला आपला खांदाही ओढून घेतला नाही.

पवनीला बाजार भरला होता. रेवताबाई बसमधून उतरली ती थेट भैयाजीच्या चादरीसमोर जाऊन उभी राहिली. मागून मिथुन ओरडत होता, "आई, आपली गाडी लागली." तिने ऐकलं नाही.

"रामराम बाई," भैयाजी म्हणाला आणि सवयीने त्याचा हात मागच्या पोत्याकडे गेला.

"पहाडवेल हाये का?"

हात थांबला. भैयाजी तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मुकी बाई बोलली असं त्याला वाटलं असावं.

"पहाडवेल? ते कोठी भेटते आता? धरनाखाली गेली सारी. माह्याजवळ कधीच नव्हती ते, बाई."

"मंग चार वर्सं मले काय देऊन राहिला होता?"

"तुमी तुकडा दाखवला, मी तसा दिसनारा तुकडा देल्ला. तिकडून, जंगलातून पोतं येते माह्याकडे. नाव तुमी घेतलं नाई, मी बी पुसलं नाई. पुसू नये म्हनतेत ना तुमच्यात?" त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. तेच जास्त वाईट होतं. "काहून? काई झालं का?"

रेवताबाईने तोंडावर पदर धरला. मग एक विचार तिच्या मनात आला.

"भैयाजी, हे मुळी आनखी कोन नेते?"

"कोन म्हंजे? तुमच्यासारख्याच. तिघी-चौघी हायेत. न बोलता येतेत, पानात तुकडा दाखवतेत. एक तं पार करडीकडची. येईनच ते आता, दर बाजाराले येते. लई गर्दी असते म्हनते तिच्याकडे, बायाइची."

ऊन डोक्यावर आलं होतं. मिथुन जवळ येऊन दंड धरू लागला. "चाल ना आई. डिंपलले उन लागून राहिलं."

"तिले घेऊन जा तू. सावलीत बसव, पानी पाज. मी येतो मागून."

"कायले थांबून राहिली?"

रेवताबाई चादरीच्या कडेला, भुईवरच बसली. भैयाजीने मागचं पोतं बांधून बाजूला सारलं. गिऱ्हाईकं येत होती, हिरडा घेत होती, बेहडा घेत होती, नावं घेऊन मागत होती. रेवताबाई प्रत्येकीच्या हाताकडे बघत होती.

तास झाला असेल. गर्दीतून एक बाई आली. रेवताबाईच्याच वयाची, हिरव्या लुगड्याची, पायांवर लांबच्या वाटेची धूळ. कोणाकडे न बघता ती चादरीसमोर वाकली, कंबरेच्या ओच्यातून पळसाचं पान काढलं, उघडलं आणि आतल्या तुकड्यावर बोट ठेवलं.

रेवताबाईने त्या बोटावर आपला हात दाबला.

"बोल," ती म्हणाली. "काय पायजे ते तोंडानं बोल, बाई. मोठ्यानं बोल."

त्या बाईने घाबरून ओठ घट्ट मिटून घेतले.